दुकानाचा पत्ता सगळ्यांना, सभेचा कुणालाच नाही

‘ज्याला दारू खरंच सोडायची असते ना, तो मिटिंग शोधून काढतोच.’ हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलं आहे, सरकारी अधिकाऱ्यांकडून ऐकलं आहे आणि पंगतीला शेजारी बसलेल्या नातेवाइकांकडूनही ऐकलं आहे. बोलणाऱ्याला ते शहाणपणाचं वाटतं. मला ते क्रूर वाटतं, आणि खोटंही. दारू सोडलेल्या माणसाचे पहिले दिवस ज्यांनी घरात काढले आहेत त्यांना ठाऊक आहे, की त्या दिवसांत त्याच्या हातात चहाचा कप ठरत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, शरमेने मान वर होत नाही. अशा माणसाने मिटिंगचा पत्ता मिळवायला जुन्या याद्या चाळायच्या, बंद पडलेले नंबर फिरवायचे, परक्या गावात जाऊन शाळेचं मागचं फाटक हुडकायचं, आणि हे सगळं जमलं तरच त्याची इच्छा खरी मानायची? क्षयाच्या रुग्णाला आपण असं सांगत नाही. त्याच्या घरी आशाताई जाते, गोळ्या घेतल्या का विचारते. दारूच्या रुग्णाला मात्र आपण आधी परीक्षेला बसवतो आणि तो नापास झाला की म्हणतो, बघा, त्याला सोडायचीच नव्हती.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. आमच्या गावात देशी दारूचं दुकान कुठे आहे, परमिट रूम कुठे आहेत, दुकान बंद असलं तर मागच्या दाराने कोण देतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. दारू सोडू इच्छिणाऱ्यांची सभा कुठे भरते, हे मी विचारलं तेव्हा तहसीलच्या आवारात कुणाला सांगता आलं नाही, सरकारी दवाखान्यात आलं नाही, पोलिस ठाण्यात आलं नाही. या एवढ्या फरकातच आपल्या राज्याचं दारूबद्दलचं सगळं धोरण दिसतं.

राज्याला माहिती गोळा करता येत नाही, असं कुणी म्हणू नये. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे प्रत्येक दुकानाची नोंद आहे, परवान्याचा नंबर आहे, विक्रीचा हिशोब आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. म्हणजे विकणाऱ्याची आणि पिणाऱ्याची, दोघांची नोंद ठेवायची व्यवस्था या सरकारने पाऊणशे वर्षं चालवली आहे. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितली, तेव्हा अधिकारी टेप घेऊन रस्त्यावर उतरले, मालकांनी दारं फिरवून घेतली आणि अंतर मीटरमध्ये मोजलं गेलं. दारूपासून रस्ता किती लांब, हे आपण मोजलं. दारू सोडणाऱ्याच्या घरापासून त्याची सभा किती लांब, हे आजवर कुणी मोजलं आहे?

मे २०२० आठवा. टाळेबंदीत शाळा बंद, देवळं बंद, चर्चची सभागृहं बंद. दारूमुक्तांच्या सभा याच जागांमध्ये भरत, त्यामुळे त्याही बंद. वाइन शॉप मात्र त्याच महिन्यात उघडली आणि गर्दी आवरेना म्हणून घरपोच दारूची सोय करण्यात आली. सभा चालवणाऱ्या माणसांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खर्चाने एकमेकांना धरून ठेवलं. जून २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा येतील असं सांगितलं. हे पैसे पिणाऱ्यांच्या, म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरातून जातात. त्यातून तालुक्याच्या दवाखान्याबाहेर सभेचा पत्ता सांगणारी एक पत्र्याची पाटी लावायला काय हरकत आहे?

मी कोणत्या सभेबद्दल बोलते आहे ते स्पष्ट सांगते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलीत नुसतं ‘एए’, ही संघटना १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली आणि गेली सहा दशकं तरी भारतात काम करते आहे. फी नाही, फॉर्म नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडण्याची इच्छा. एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये किंवा समाजमंदिरात तास-दीड तास माणसं बसतात. एकेक जण स्वतःचं सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात, कुणी कुणाला उपदेश करत नाही. शेवटी पेटी किंवा टोपी फिरते. त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो आणि खोलीचं भाडं व चहा त्यातून भागतो. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही, असा संघटनेचा नियमच आहे. ‘ओपन’ सभेला घरचे येऊ शकतात, ‘क्लोज्ड’ सभा फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते.

याने काही होतं का, असा प्रश्न सुशिक्षित लोक नाक मुरडत विचारतात. २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि त्यातल्या १०,५६५ लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या बरोबरीचे, आणि अनेकदा त्यांच्याहून सरस ठरले. यातला ‘जोडून देणारे’ हा भाग आपल्याकडे कुणी वाचतच नाही. त्या अभ्यासांत उपचार करणारी माणसं रुग्णाला सभेपर्यंत नेण्याचं काम करत होती. ‘जमलं तर जा कुठेतरी’ असं म्हणून फाइल मिटत नव्हती.

सभा म्हणजे डॉक्टरला पर्याय, असं मी म्हणत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भास, ताप, गोंधळलेपण सुरू होऊ शकतं आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून आधी दवाखाना, हे मी ठासून सांगते. पण दवाखान्याचे ते आठ-दहा दिवस संपल्यावर काय? पुढची तीस वर्षं संध्याकाळी सात वाजता कुठे बसायचं? सलाइनने शरीरातली दारू उतरते. त्या संध्याकाळी माणसाला माणसंच लागतात.

माझा धाकटा भाऊ जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात उपचार घेऊन बाहेर पडला, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या, झोपेची गोळी होती आणि पुढच्या तपासणीची तारीख होती. सभेबद्दल एक ओळ नव्हती. मी विचारलं तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, ‘असतात हो कुठेतरी, चौकशी करा.’ चौकशी केली. हाती आलेल्या यादीतला एक नंबर लागत नव्हता. दुसरा नंबर ज्यांचा होता त्यांनी ग्रुप सोडून काळ लोटला होता. तिसऱ्या पत्त्यावर आम्ही बहीण-भाऊ एसटीने गेलो. शाळेला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, ‘इथं भरायची, आता न्हाई. कुठं गेली म्हाईत न्हाई.’ शाळेपासून एसटी स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर उघडी असलेली बारची दारं मी त्या संध्याकाळी पाहिली आहेत आणि त्यांच्यासमोरून माझा भाऊ खाली मान घालून चाललेला पाहिला आहे. त्या वेळी कुणी मला ‘खरी इच्छा असली की सापडतं’ असं ऐकवलं असतं, तर मी त्याला तिथेच उभं करून जाब विचारला असता.

पत्ता शेवटी मिळाला तो गॅस सिलिंडर पोचवणाऱ्याकडून. ओसरीवर बसलेल्या भावाकडे त्याने एकदा नीट पाहिलं आणि जाताना मला हळूच म्हणाला, ‘ताई, माझी पण बंद हाय, बरीच वर्षं झाली. दादास्नी म्हणावं, गुरुवारी माझ्यासंगं चला.’ त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण एका माणसाचा जीव, सिलिंडर कोण आणून देतो यावर ठरावा, ही कुठली आरोग्यव्यवस्था?

आमच्यासारखे लोक पत्ता शोधत असतात तेव्हा भिंती रिकाम्या नसतात. ‘दारू सोडवा. पिणाऱ्याला न सांगता, जेवणातून’ आणि खाली ठळक मोबाइल नंबर, अशा जाहिराती एसटी स्टँडच्या मुतारीपासून विजेच्या खांबापर्यंत सगळीकडे आहेत. या पुड्यांमध्ये काय असतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. डायसल्फिराम नावाचं औषध डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, देखरेखीखाली देतात. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि प्राणावर बेतू शकतं. हे औषध न सांगता भाजीत कालवणं म्हणजे नवऱ्याला विष घालण्याची जोखीम बायकोच्या हातात देणं आहे. ही जाहिरात भिंतीवर चालते. सभेचा पत्ता भिंतीवर चालत नाही.

दुसरी सोय म्हणजे गाडी. घरच्यांनी फोन करायचा, चार दांडगे येऊन माणसाला उचलून नेतात, आणि कुठल्यातरी बंगल्यात त्याला महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं जातं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ने दारूमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णाच्या संमतीबद्दलचे नियम घालून दिले आहेत. तरीही मारझोडीच्या तक्रारी थांबत नाहीत. घरचे लोक अशा ठिकाणी माणूस का देतात? क्रूर असतात म्हणून नव्हे. त्यांना दुसरा दरवाजा कुणी दाखवलेलाच नसतो.

आता एएच्या जन्माची हकिकत ऐका, कारण ती पत्त्याचीच हकिकत आहे. मे १९३५मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस, नुकतीच दारू सुटलेला, धंद्यात खोट खाऊन अ‍ॅक्रनच्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार होता, तिथून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला गावातल्या चर्चची आणि पाद्र्यांची यादी लावलेली होती, आणि शेजारी टेलिफोन होता. आपण आत्ता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर पुन्हा पिऊ, हे त्याला कळलं. त्याने यादीतलं एक नाव निवडून फोन लावला. त्या पाद्र्याकडून पुढची नावं मिळाली, त्यातून हेन्‍रिएटा सायबर्लिंग या बाईंशी गाठ पडली आणि त्यांनी डॉ. बॉब स्मिथ या दारूने पोखरलेल्या सर्जनशी त्याची भेट घडवली. १० जून १९३५ला डॉ. बॉब शेवटचं प्यायले. तीच तारीख आज एएचा स्थापनादिन मानली जाते. म्हणजे जगभर पसरलेली ही चळवळ हॉटेलच्या भिंतीवरच्या एका यादीतून उभी राहिली. ती यादी तिथे नसती तर विल्सनची इच्छा कितीही खरी असती, तरी तो बारच्या बाजूला वळला असता.

म्हणून या सभा चालवणाऱ्यांनाही मला चार शब्द सुनवायचे आहेत. त्यांच्यामुळे माझा भाऊ उभा आहे, म्हणूनच हक्काने सुनावते. नाव गुप्त ठेवण्याचं तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. नोकरी जाऊ नये, पोरीचं लग्न मोडू नये, म्हणून सभासदाचं नाव बाहेर जाता कामा नये. पण गुप्तता सभासदाची आहे, सभेची नाही. खोलीचा पत्ता, वार आणि वेळ यात लपवण्यासारखं काहीही नाही. ‘आम्ही जाहिरात करत नाही’ हे तत्त्व स्वतःची टिमकी वाजवू नये यासाठी आहे. दवाखान्यात, पोलिस ठाण्यात, महाविद्यालयात जाऊन माहिती देणं हे तर संघटनेनेच ठरवून दिलेलं काम आहे. जागा बदलली तर जुन्या दारावर नवा पत्ता चिकटवायला एक कागद लागतो. यादीतला फोन बंद पडला तर तो त्याच आठवड्यात बदलला पाहिजे. त्या नंबरवर फोन करणारा माणूस बहुतेक वेळा एकदाच फोन करतो.

समाज म्हणून आपण काय करतो? आपण रडतो. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९मध्ये रंगभूमीवर आलं. तेव्हापासून मराठी माणूस त्यातल्या दारुड्या सुधाकराच्या बायकोसाठी, सिंधूसाठी डोळे पुसतो आहे. त्या नाटकात पिणाऱ्यांचं ‘आर्यमदिरा मंडळ’ आहे. त्याला सभासद आहेत, बैठका आहेत, नव्याला आत ओढून घेणारा तळीराम आहे. सुधाकराला पिण्यासाठी मंडळ होतं, सोडण्यासाठी नव्हतं. शंभराहून अधिक वर्षं झाली. आज सोडणाऱ्यांची मंडळं आहेत आणि आपण ती सुधाकरापासून दडवून ठेवतो, कारण घराण्याचं नाव जाईल. पिताना गल्लीभर तमाशा झाला तेव्हा नाव गेलं नाही, आणि सभेला जाताना कुणी पाहिलं तर जाणार?

या लाजेचा सगळ्यात मोठा भार बाईवर पडतो. पिणाऱ्या बाईची सोय तर विचारूच नका. रात्री आठची सभा, खोलीत सगळे पुरुष, परतीची शेवटची एसटी गेलेली, आणि बाहेर पडताना कुणी पाहिलं तर तिच्यावर उठणाऱ्या वावड्या. जी पीत नाही पण पिणाऱ्याबरोबर राहते, तिच्यासाठी १९५१पासून अल-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. हे किती जणींना ठाऊक आहे? बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याइतकीच ही माहितीही सांगायला हवी, कारण हप्ता कुठे जातो ते त्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

मुक्तांगणचं नाव घेतलं, तर तेही कसं उभं राहिलं ते सांगते. अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ला केंद्र सुरू झालं. लिहिणाऱ्यांनी लिहिलं, वाचणाऱ्यांनी हात दिला, आणि एक दार उघडलं. महाराष्ट्राला हे जमत नाही असं नाही. महाराष्ट्राने ते एका शहरापुरतं कौतुकाने केलं आणि बाकीच्या तालुक्यांना वाऱ्यावर सोडलं.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९मध्ये आली. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो, असं ती पाहणी सांगते. उरलेल्या ३७ जणांना ‘इच्छा नाही’ असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना मी विचारते: तुम्ही त्यांना पत्ता दिला होता का?

मला मोठी योजना नको, अभियानाचा रथ नको, शपथ घ्यायला लावून काढलेले फोटो नकोत. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाबाहेर, एसटी स्टँडवर आणि पोलिस ठाण्यात एक पाटी हवी. सर्वांत जवळची सभा कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, आणि चालू असलेला एक फोन नंबर. दर तीन महिन्यांनी तो नंबर लावून बघणारा एक कर्मचारी हवा. एएला सरकारी पैसा चालत नाही. पाटी रुग्णालयाची असेल, खिळा रुग्णालयाचा असेल, त्यामुळे कुणाचंही तत्त्व मोडत नाही. दारूच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर तीच ओळ छापलेली हवी. जिथे सभाच नाही तिथे रुग्णालयाने आपल्या जुन्या रुग्णांची साप्ताहिक बैठक स्वतः सुरू करावी. देव-प्रार्थनेच्या भाषेमुळे ज्यांना एए रुचत नाही, त्यांनाही अशी बैठक लागेलच. आणि प्रत्येक परवानाधारक दुकानात, दरपत्रकाशेजारी, त्याच आकारात हीच माहिती लावणं परवान्याची अट करावी. ज्या दारातून पैसा घेता, त्याच दारावर बाहेरची वाटही दाखवा.

हे होईपर्यंत ज्यांना आज गरज आहे त्यांच्यासाठी: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. फोनवर ‘मला मदत हवी’ एवढंच म्हणू नका. ‘माझ्या गावाजवळची सभा कुठे भरते’ असं विचारा आणि पत्ता मिळेपर्यंत फोन ठेवू नका. निघण्याआधी सभा चालू असल्याची खात्री करून घ्या. रोजची दारू असेल तर आधी डॉक्टर गाठा. पहिली खोली पटली नाही तर दुसरी बघा. सगळे ग्रुप सारखे नसतात.

आणि तुम्हाला, जे पीत नाहीत आणि इथवर वाचत आला आहात: तुमच्या गावातली सभा कुठे भरते हे या आठवड्यात शोधून काढा. तुमच्या डॉक्टरला सांगा, औषधांच्या दुकानात सांगा, शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगा. तुमच्या डोळ्यासमोर कुणी ना कुणी पितं आहेच. त्याने ज्या दिवशी विचारलं, त्या दिवशी ‘चौकशी करून सांगतो’ असं म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ देऊ नका.